मोहाच्या भट्टीला वारशाचा मान, पण लाभ कोणाला?

जबलपूर विभागातील दिंडोरी व मंडला जिल्ह्यांत मोह बहरला की गोंड आणि बैगा कुटुंबे पहाटेच फुले वेचण्यासाठी रानात जातात. ही फुले वाळवून, पाण्यात भिजवून आंबवायची आणि मंद आचेवर त्यांचा अर्क उतरवायचा, ही विद्या येथे पिढ्यानपिढ्या घरातच शिकवली जाते. देवकार्य, लग्न वा मर्तिक, कोणताही विधी या मद्यावाचून पूर्ण होत नाही.

ब्रिटिश राजवटीने मात्र या घरगुती भट्टीकडे महसुलाच्या दृष्टीने पाहिले. मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये खास मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात आदिवासींना स्वतःच्या वापरापुरते मद्य गाळण्याची सवलत राहिली. विक्री मात्र गुन्हाच ठरली.

या धोरणाला २०२१ मध्ये कलाटणी मिळाली. तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्या वर्षी २२ नोव्हेंबर रोजी मंडला येथे मोहाच्या मद्याला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली. पुढे आदिवासी स्वयंसहायता गटांनाच त्याच्या उत्पादनाची मुभा देण्यात आली. अलीराजपूरचे 'मोंड' आणि दिंडोरीचे 'मोहुलो' ही नावे त्यातूनच बाजारात आली.

घोषणेमागील हेतू स्तुत्य असला, तरी खरी कसोटी पुढेच आहे. घरच्या मद्याची चव प्रत्येक भट्टीगणिक वेगळी असते. बाटलीबंद मद्याची तीव्रता मात्र ठरलेली असावी लागते. त्यासाठी यंत्रसामग्री, परवाना आणि भांडवल हवे. हे सर्व गटाच्या आवाक्याबाहेर गेल्यास आदिवासींकडे केवळ फुले पुरवण्याचे काम उरेल, अशी भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

गोव्याचे उदाहरण येथे उद्बोधक ठरावे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन आणि २०१६ मध्ये राज्याच्या वारसा पेयाचा दर्जा मिळाला. जपानमध्ये साके गाळणाऱ्या कारागिरांच्या हस्तकौशल्याचा समावेश डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. तेथे गौरव झाला तो बाटलीचा नव्हे, तर ती विद्या जपणाऱ्यांचा.

मध्य प्रदेशात प्रश्न अधिक नाजूक आहे. व्यसनाची झळ सर्वप्रथम घरातील स्त्रियांना बसते, हेही विसरून चालणार नाही. ज्या मंडल्यात ही घोषणा झाली, त्याच नगरात १ एप्रिल २०२५ पासून धार्मिक स्थळ म्हणून दारूची दुकाने बंद करण्यात आली. दुसरीकडे, १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मद्याची विक्री नियंत्रित करण्याचा अधिकार दिला असून, राज्यातील त्याचे नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झाले. भट्टी किती पेटवावी आणि कधी विझवावी, याचा निर्णय ग्रामसभेच्या हाती राहिला, तरच 'वारसा' या शब्दाला अर्थ उरेल.