दाटीतली माया
कुंडीत मूठभर बी फेकलं की रोपं दाटीवाटीनं उगवतात आणि नवख्या माणसाला त्यातलं एकही उपटवत नाही. ही माया रोपांच्याच मुळावर येते. वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं चार-पाच पानांची झाली की उन्हं उतरल्यावर, मुळांभोवतीच्या मातीसकट खुशाल हलवावीत. दोन दिवस माना टाकतील, मग सावरतील. मुळा-गाजराचं तसं नाही. सोटमूळ दुखावलं की पुढे त्याला फाटे फुटतात, म्हणून तिथे विरळणीच हवी: चार बोटं अंतर राखून मधली रोपं काढायचीच. उगवलेला जीव वाया गेला, असं कुणी म्हणेल. वाया कसा? मुळ्याच्या त्या कोवळ्या पाल्याची मूगडाळ घालून झकास भाजी होते. दाटीत ठेवलात तर नुसता पालाच माजेल, मुळा करंगळीएवढाही भरणार नाही.