देग पाठवतो, दार उघडत नाही

परदेशी जोडपी समुद्र ओलांडून भारतात येतात आणि अनेकदा इथल्या दांपत्यांनी नाकारलेलं, विशेष गरजा असलेलं मूल घरी नेतात. आपण मात्र ‘इस्लाममध्ये दत्तक नाही’ म्हणून मोकळे! कुरआन (३३:५) मुलाला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारायला सांगतं. घराचं दार बंद करायला नव्हे. मूल वाढवा, ओळख लपवू नका, हीच कफालत. १९८९च्या बालहक्क करारातही तिचा उल्लेख आहे. शबनम हाश्मी खटल्याच्या २०१४च्या निकालानं बाल न्याय कायद्याखालचं दत्तक मुस्लिमांनाही खुलं ठरवलं, सक्ती न करता. ते नको असेल तर १८९०चा पालक व पाल्य कायदा आहे. रमजानमध्ये यतीमखान्याला बिर्याणीची देग पाठवणं सोपं आहे, दोस्तांनो. ईदनंतर ते मूल कुणाच्या दस्तरखानावर जेवतं?