फोन आमचा, कुलूप कंपनीचे



गेल्या हंगामात नोंदणीच्या धांदलीत आम्ही एका गावच्या पारावर बसलो होतो. एका भावाने खिशातून फोन काढून पुढे केला. पाच वर्षांपूर्वी रोख मोजून घेतलेला. काच शाबूत, बॅटरी दिवसभर पुरते, रानात बोलणे स्वच्छ ऐकू येते. पण ॲप काही बसेना. पडद्यावर एकच ओळ येई : हे ॲप तुमच्या फोनवर चालणार नाही. भाऊ म्हणाला, "फोन मेला नाही ना, मंग हे काहून घेत नाही?"

खरे उत्तर असे, की फोन मेलेला नाही, तो मारलेला आहे. तो बनवणाऱ्या कंपनीने दोन वर्षांत त्याला नवी आवृत्ती देणे बंद केले. यंत्र धडधाकट, पण आतली प्रणाली जुनी, आणि ती बदलण्याची किल्ली कंपनीच्या खिशात. शेवटी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवरून नोंदणी झाली. आधारला जोडलेला नंबर गावात आणि ॲप पुण्यात. बाप ओटीपी ओरडून सांगतो आहे आणि पोरगा तिकडे टिपतो आहे, असा तमाशा तासभर चालला.

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, कापसाच्या भावाचे बोला, फोनचे कौतुक शेतकऱ्याला कशाला? त्यांनी जरा डोळे उघडावेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली आणि सातबाऱ्यावरचा पेरा मोबाइलवरून नोंदवायची वेळ आली. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी, असे ठरले. म्हणजे तिफण आणि डवरा जसे अवजार, तसा फोनही आता शेतीचे अवजार झाला. अवजार कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न शेतकरी चळवळीचा नाही तर कुणाचा?

आम्ही शेतीची पदवी घेतलेली माणसे. संगणकातले आम्हाला फारसे कळत नाही, पण बियाण्यातले कळते, म्हणून बियाण्याच्याच भाषेत सांगतो. मालदांडी ज्वारी सरळ वाण आहे. चांगली कणसे निवडून ठेवा, पुढल्या रब्बीला पेरा, पाव्हण्याला पायलीभर द्या, कुणाची परवानगी लागत नाही. संकरित कापसाची सरकी मात्र ठेवून पेरली तर पऱ्हाटी एकसारखी येत नाही, दरसाल पाकीट विकतच घ्यावे लागते. आम्ही संकराचे विरोधक नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली तेव्हा आनंद झालेल्यांत आम्हीही होतो. पण दोन्हींतला फरक ठाऊक असला पाहिजे. आणि जिथे सरळ वाणानेही काम भागते, तिथे मुद्दाम पाकिटात कोंबणे ही लबाडी आहे.

फोनच्या आतली प्रणाली म्हणजे त्याचे बियाणे. मुक्त स्रोत म्हणजे त्या बियाण्याची सगळी कृती कुणालाही वाचता यावी, बदलता यावी आणि दुसऱ्याला देता यावी. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये हे काम सुरू केले आणि १९८९ मध्ये त्याचा परवाना लिहिला गेला. त्या परवान्याची अट मोठी मजेशीर आहे. सुधारलेला वाण दुसऱ्याला दिलात, तर त्याची कृतीही द्यावीच लागेल. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स नावाचा गाभा तयार केला आणि पुढे याच परवान्याखाली सोडला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. तुमच्याही. म्हणजे मुक्त बियाणे तुमच्या खिशात आधीपासूनच आहे, फक्त त्यावर कुलूप घातलेले आहे.

आपल्या २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यातही कलम ३९ हेच सांगते : शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे, फक्त कंपनीच्या छापाचे पाकीट करून विकता येणार नाही. बियाण्याला जो न्याय, तो अवजाराला का नको?

कुलूप कसे घातले तेही पाहा. अँड्रॉइडचा पाया खुला आहे. पहिला फोन २००८ मध्ये आला. पण त्यावर गुगलने आपल्या बंद सेवांचा थर चढवला, आणि फोन कंपन्यांशी करार केले, की प्ले स्टोअर हवे तर आमची बाकीची ॲपही आधीच भरून द्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीसीआयने याबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. (ही सीसीआय आपला कापूस घेणारी नव्हे. ही स्पर्धा आयोगाची. दोन्ही दिल्लीच्याच कृपेच्या, म्हणून खुलासा.) अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण आयोगाचे काही निर्देश रद्द केले.

विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला एकाधिकार समजावून सांगावा लागत नाही. १९७२ पासून आपण तो भोगला. कापूस आमचा, पण विकायचा एकाच दाराशी, आणि गाडी राज्याच्या सीमेपलीकडे नेली तर गुन्हा. तेव्हा तो सरकारचा होता, आता कंपनीचा येऊ घातला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केले, की ज्याने आमच्याकडे ओळख नोंदवली त्याचेच ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग इतर देशांत. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये म्हणाले, जाणकारांसाठी एक आडवाट ठेवू. फोन तुम्ही घेतलात, पैसे तुमचे, आणि आत काय बसवायचे त्याचा परवाना त्यांच्या गादीवर!

सुरक्षेसाठी करतो, असे ते सांगतात. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फाइल येते, दाबली की खाते रिकामे, हे खरे आहे आणि अशी फाइल कुणीही उघडू नये. पण चोर येतात म्हणून घराची किल्ली सावकाराकडे ठेवायची नसते.

आता मुक्त फोनचे काय चालले आहे ते सांगतो, उगाच स्वप्ने विकत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात १,९९९ रुपयांचा फायरफॉक्स फोन आला होता. चालला नाही. मोझिला संस्थेने डिसेंबर २०१५ मध्ये फोनचा नाद सोडल्याचे जाहीर केले. पण कृती खुली असल्याने बियाणे मेले नाही. त्यातूनच कायओएस निघाले आणि २०१७ मध्ये जिओफोनच्या रूपाने, दीड हजारांच्या अनामतीवर, गावोगाव पोचले. मात्र तिथेही कंपनीने कुलूप घातलेच. उलट उदाहरण नेदरलँड्सच्या फेअरफोनचे. २०१५ चा त्यांचा दुसरा फोन मार्च २०२३ पर्यंत नव्या आवृत्त्या घेत राहिला. चिप बनवणाऱ्याने हात वर केल्यावरही ते जमले, कारण लिनिएजओएस नावाच्या मुक्त प्रणालीवर काम करणाऱ्या स्वयंसेवकांची मदत झाली. बॅटरीही घरच्या घरी बदलता येते. असे स्वयंसेवक कंपन्यांनी टाकून दिलेल्या कितीतरी फोनना जीव देतात. अडते ते कुलपापाशी. कंपनीने कुलूप उघडू दिले तरच प्रणाली बदलता येते.

आणि भाषेचे पाहा. जुन्या फोनवर 'शेतकऱ्यांचा' हा शब्द नीट उमटत नसे. ऱ्य तुटून काहीतरी भलतेच दिसे. ज्याच्या नावाने योजना, त्याचेच नाव मोडके! बंद प्रणालीत कंपनीला वाटेल तेव्हा ते दुरुस्त होणार. खुली असेल तर आपल्याच कॉलेजचा एखादा पोरगा दुरुस्त करील. केरळातल्या स्वतंत्र मलयालम कंप्युटिंग या गटाने इंडिक कीबोर्ड असाच तयार केला. तो मराठीतही चालतो, फुकट.

एक अडचण लपवत नाही. प्रणाली बदललेल्या फोनवर बँकांची कित्येक ॲप चालायला नकार देतात. म्हणून ज्याच्याकडे एकच फोन आहे, त्यावरच पीएम किसानचे पैसे पाहतो आणि यूपीआयने कृषी केंद्राचे बिल भागवतो, त्याने कुणा हौशी पोराच्या नादाने आज त्यात हात घालू नये. घरात पडलेला दुसरा फोन असेल तर खुशाल प्रयोग करावा.

आम्हाला मागायचे आहे ते सरकारकडे. युरोपात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला, की फोनचे मॉडेल विकणे थांबवल्यानंतर किमान पाच वर्षे नव्या आवृत्त्या आणि सात वर्षे सुटे भाग द्यायचे. आपल्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोबाइल आहे आणि शेतीची अवजारेही आहेत. त्यातून पोर्टल निघाले, सक्ती नाही. ती हवी. ज्या दिवशी कंपनी आवृत्ती देणे थांबवील त्याच दिवशी तिने कुलपाची किल्ली मालकाला द्यावी. शिवाय केंद्राचे २०१५ चे धोरणच आहे, की सरकारी ॲपचा स्रोत खुला करावा. आरोग्य सेतूचा मे २०२० मध्ये केलाही. मग पेरा नोंदवण्याच्या आणि कापूस विकण्याच्या ॲपचा का नाही? आणि जे काम ॲपवर होते ते साध्या ब्राउझरवर आणि सेतू केंद्रातल्या खिडकीवरही झाले पाहिजे. जुना फोन आहे म्हणून हमीभाव नाही, हे आम्ही चालू देणार नाही.

तालुक्याच्या बैठकीला येताना घरातले बंद पडलेले, 'जुने झालेले' फोन घेऊन या. कंपनी, मॉडेल, खरेदीचे साल आणि कोणते ॲप बसत नाही, एवढे चिठ्ठीवर लिहून फोनला बांधा. ती यादी ठरावासोबत जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची आहे. चार्जर आठवणीने आणा, मागच्या वेळी निम्मे फोन सुरूच झाले नाहीत.