पाच-तीन

गेल्या आठवड्यात आमच्या खालच्या मजल्यावर जोरदार भांडण झालं. सातवीतल्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "मी माझी टीम बदलणार. नेहमी हरते!" बाबा खवळले. म्हणाले, "टीम म्हणजे काय बूट आहेत, चावले की बदलायला?" शेवटी खटला माझ्याकडे आला. चिरंजीवांनी विचारलं, "काका, तुम्हीच सांगा. हरणाऱ्या टीमला धरून बसण्यात काय अर्थ आहे?"

मला झटकन उत्तर देता आलं नाही. मग मी त्याला माझ्या दादाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

माझा थोरला भाऊ १९८१ साली नोकरीसाठी अमेरिकेत, शिकागोला गेला. तिथेच त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, जन्मली. आठ वर्षांची असताना, १९९१ च्या वसंतात, ती शाळेतून रडवेली होऊन आली आणि म्हणाली, "बाबा, आपली टीम कुठली?"

दादा म्हणाला, "आपली? भारताची!"

"तसं नाही हो! बेसबॉलची! वर्गात सगळ्यांची आहे. आपलीच नाही."

शिकागोत बेसबॉलचे दोन मोठे संघ आहेत. शहराच्या उत्तर भागात कब्स, दक्षिण भागात व्हाइट सॉक्स. तिथली मुलं सहसा संघ निवडत नाहीत. आजोबांचा तो बाबांचा, बाबांचा तो आपला. घरातल्या तांब्याच्या घंगाळासारखा संघ वारशाने येतो. आता आमचे आजोबा सांगलीचे. त्यांनी कुठून द्यावा बेसबॉलचा वारसा?

दादा हिरमुसला. पण त्याच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. साठीला टेकलेले, बस चालवायचे. पुतणी त्यांना मराठीतच 'आजोबा' म्हणायची आणि त्यांनाही ते आवडायचं. आजोबा पक्के कब्सवाले. त्यांनी या बापलेकीला पंखाखाली घेतलं. मात्र आधीच बजावलं, "विचार करा हं. आम्ही १९०८ पासून जिंकलेलो नाही!"

दादा हसून म्हणाला, "मी लहानपणापासून आपल्या क्रिकेट टीमचे पराभव रेडिओवर ऐकत आलोय. मला सवय आहे."

आता थोडं खेळाविषयी. बेसबॉलमध्ये नऊ-नऊ खेळाडू आणि नऊ डाव. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात. तीन गडी बाद झाले की बाजू बदलते. नऊ डावांनंतर बरोबरी असेल तर दहावा, अकरावा, असं निकाल लागेपर्यंत खेळायचं. आणि मोसम केवढा! एका संघाचे १६२ सामने. वसंतापासून सप्टेंबर अखेरपर्यंत जवळजवळ रोज एक. त्यामुळे टीम म्हणजे कधीतरी येणारा पाहुणा नसतो, घरातलं माणूसच असतं.

कब्सचं मैदान म्हणजे रिग्ली फील्ड. १९१४ साली बांधलेलं. आतल्या विटांच्या भिंतीवर आयव्हीची हिरवीगार वेल चढलेली आहे. चेंडू कधीकधी त्या वेलीतच अडकतो! या मैदानावर १९८८ च्या ऑगस्टपर्यंत दिवेच नव्हते, सगळे सामने उन्हात. नंतरही बरेचसे दुपारीच होत. त्यामुळे मुलं शाळा सुटली की धावत घरी येत आणि शेवटचे दोन-तीन डाव टीव्हीवर पाहत. सामना संपला की मैदानावर झेंडा चढतो. जिंकले तर पांढऱ्यावर निळं 'डब्ल्यू', हरले तर निळ्यावर पांढरं 'एल'. शेजारून जाणाऱ्या रेल्वेतल्या लोकांनाही निकाल कळावा म्हणून. किती छान, नाही?

आजोबांनी या दोघांना सामना लिहायला शिकवला. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. चेंडू फेकणारा पिचर १, त्याच्या समोरचा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्या बेसवरचा ४, तिसऱ्या बेसवरचा ५, असं नऊपर्यंत. समजा, फलंदाजाने चेंडू तिसऱ्या बेसवाल्याकडे टोलावला, त्याने तो उचलून पहिल्या बेसवाल्याकडे फेकला आणि फलंदाज पोचायच्या आत तो झेलला गेला, तर फलंदाज बाद. कागदावर लिहायचं '५-३'. झालं! दादाने शंभर पानी वह्या आणल्या, पट्टीने चौकटी आखल्या. शिसपेन्सिल पुतणीच्या हातात, खोडरबर दादाच्या.

आजोबा गोष्टीही सांगत. १९४५ साली ते तेरा वर्षांचे होते. कब्स अंतिम मालिकेत पोचले होते आणि त्यांचे वडील त्यांना मैदानावर घेऊन गेले होते. कब्स ती मालिका हरले. वडील म्हणाले, "पुढच्या वेळी परत येऊ." त्याच मालिकेत एक हॉटेलवाला आपला बोकड घेऊन मैदानावर आला होता. बोकडाला वास येतो म्हणून त्यांना बाहेर काढलं आणि चिडलेल्या मालकाने म्हणे संघाला शाप दिला. शाप वगैरे काही नसतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पण 'पुढची वेळ' काही येईना, एवढं खरं. आजोबांचा लाडका खेळाडू एर्नी बँक्स. १९५३ ते १९७१ कब्सकडून खेळला, ५१२ होमरन मारल्या, पण अंतिम मालिकेतला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तरी तो हसतमुख!

वर्षं गेली. पुतणी सोळा वर्षांची झाली. आई-बाबा वाचत असतील तर ते मान डोलावतील! दादाला वाटे, ती उर्मट झाली. तिला वाटे, बाबांना काही कळत नाही. तिला चित्रकला शिकायची होती, दादाला ते मान्य नव्हतं. एके दिवशी खूप खटका उडाला आणि अबोला सुरू झाला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा.

मोसम मात्र चालूच होता. दादा रोज संध्याकाळी सामना लिहायचा आणि वही तिच्या दाराशी ठेवायचा. ती काही बोलायची नाही. पण सकाळी वही परत टेबलावर असायची. नवव्या दिवशी वहीत एका चौकटीवर तांबडी खूण होती आणि समासात लिहिलं होतं, 'बाबा, हे ५-३ नाही, ६-३ आहे.'

दादा सांगतो, "अरे, ती चूक मी मुद्दाम केली नव्हती. पण बरं झालं केली!" त्या रात्री दोघं जेवणाच्या टेबलावर बोलले. आधी सामन्यावर. मग हळूहळू बाकीच्यावर. पुतणी पुढे चित्रकलाच शिकली.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये कब्स अंतिम मालिकेच्या दारात होते. फक्त पाच गडी बाद करायचे राहिले होते. एक उंच चेंडू प्रेक्षकांच्या कठड्याशी आला. अनेकांनी हात पुढे केले. एका प्रेक्षकाच्या हाताला तो लागला आणि खेळाडूला झेल घेता आला नाही. त्यानंतर कब्सच्या हातून सोप्या चुका झाल्या, एकाच डावात आठ धावा गेल्या. तो सामना हरले, दुसऱ्या दिवशीचाही हरले. आणि सगळा राग निघाला त्या बिचाऱ्या प्रेक्षकावर. त्याला पहाऱ्यात बाहेर काढावं लागलं.

पुतणी तेव्हा कॉलेजात होती. फोनवर ती त्या माणसाला वाट्टेल ते बोलली. दादाने शांतपणे विचारलं, "तू तिथे असतीस तर हात पुढे केला नसतास?"

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "केला असता."

"मग तो आपलाच माणूस आहे. आपल्याइतकाच हरलाय."

आजोबा २०१० साली गेले. 'पुढची वेळ' न बघताच.

आणि मग २०१६ उजाडलं. कब्स ७१ वर्षांनी अंतिम मालिकेत पोचले. समोर क्लीव्हलंड. सातपैकी चार सामने जिंकायचे. कब्स १-३ असे मागे पडले! मग दोन सलग जिंकून त्यांनी ३-३ बरोबरी केली. सातवा सामना क्लीव्हलंडला. आठव्या डावापर्यंत कब्स ६-३ पुढे होते, तेवढ्यात क्लीव्हलंडने ६-६ केलं. नऊ डाव संपले आणि पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ बंद. तेवढ्या वेळात कब्सच्या खेळाडूंनी एका खोलीत जमून एकमेकांना धीर दिला. दहाव्या डावात त्यांनी दोन धावा काढल्या, क्लीव्हलंडने एक फेडली. ८-७. बाद करायचा राहिला एक गडी.

आपल्याकडे तेव्हा ३ नोव्हेंबरची सकाळ होती. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. मी चकलीचा डबा उघडून बसलो होतो. सव्वादहाच्या सुमाराला फोन वाजला. तिकडे नुसता गलका. त्यातून पुतणीचा आवाज, "काका, जिंकलो! पाच-तीन, काका, पाच-तीन!"

शेवटचा चेंडू तिसऱ्या बेसवरच्या क्रिस ब्रायंटने उचलून पहिल्या बेसवरच्या अँथनी रिझोकडे फेकला होता. तब्बल १०८ वर्षांचं थांबणं या दोन आकड्यांत संपलं. दादाच्या वहीत ते आकडे आहेत, मी पाहिलेत. अक्षर इतकं वाकडं की आपल्याला वाटेल पहिलीतल्या मुलाने लिहिलंय!

त्या दिवसांत रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांच्या भिंतीवर एक नवल घडलं. लोक रंगीत खडू घेऊन आले आणि नावं लिहू लागले. हा दिवस बघायला जे राहिले नाहीत त्यांची. कुणाचे वडील, कुणाची आजी, कुणाचा भाऊ. हात पोचेल तिथवर भिंत भरून गेली. एक गृहस्थ तर सातवा सामना ऐकायला रात्री वडिलांच्या थडग्यापाशी रेडिओ घेऊन बसले होते. 'कब्स अंतिम मालिकेत गेले की आपण दोघांनी मिळून ऐकायचं,' असं बापलेकांचं ठरलं होतं.

दादा आणि पुतणीही भिंतीशी गेले. गर्दीत मोकळी वीट शोधायलाच अर्धा तास लागला. पुतणीने खडूने आजोबांचं नाव लिहिलं. त्याखाली त्यांच्या वडिलांचं, १९४५ साली 'परत येऊ' म्हणालेल्यांचं. आणि सर्वांत खाली देवनागरीत एकच शब्द, 'आजोबा'. शेजारच्या बाईंनी विचारलं, "ही कुठली अक्षरं?" दादा म्हणाला, "आमच्या घरची." खडूच तो, पुढच्या पावसात जायचाच. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. २००३ सालच्या त्या प्रेक्षकाला कब्सने २०१७ मध्ये विजेत्यांची अंगठी दिली. दादाला त्या बातमीने फार बरं वाटलं. आणि क्लीव्हलंड १९४८ नंतर जिंकलेलं नव्हतं. त्या रात्री तिथल्याही कितीतरी आई-बाबांनी आपल्या मुलांना सांगितलं असेल, 'पुढच्या वेळी.' त्यांना विसरायचं नाही हं.

ही गोष्ट ऐकून खालच्या मजल्यावरचे चिरंजीव काही बोलले नाहीत. फक्त जाताना विचारलं, "काका, तुमच्याकडे पट्टी आहे का? चौकटी आखायच्या होत्या."

तर दोस्तांनो, या आठवड्याचा उद्योग असा. आईला किंवा बाबांना विचारा, तुम्ही माझ्याएवढे असताना कुठला सामना ऐकून किंवा बघून रडला होतात? उत्तर मधेच न तोडता ऐका. आणि आई-बाबा, 'कामात आहे' म्हणू नका बरं का. तेवढी दहा मिनिटं द्याच.

तुमचा,
काका