सुजलेल्या पायांचा हिशेब

आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूर ते तुळजापूर हा रस्ता पायी चालणाऱ्या भाविकांनी फुलून जातो. त्या गर्दीत रस्त्याच्या कडेला बसून पोटऱ्या चोळणाऱ्या स्त्रिया आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. चालण्याने आलेली सूज एकदोन रात्रींच्या विश्रांतीने उतरते आणि ती कोणी मनावरही घेत नाही. परंतु आपल्या जिल्ह्यात अशाही स्त्रिया आहेत की, ज्यांची सूज दहादहा, पंधरापंधरा वर्षे उतरलेली नाही. त्या ती लुगड्याखाली झाकून खुरपणीला जातात, शाळेत शिकवतात, कचेरीत टेबलाखाली पाय लपवून बसतात. हा विषय अग्रलेखाच्या पानाचा नव्हे असे ज्यांना वाटेल, त्यांनी थोडा धीर धरावा.

अशा पायाला आपल्या बोलीत एकच नाव आहे: हत्तीपाय. ते अगदीच निराधार नाही. राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ साली सुरू झाला, २००४ पासून देशातील बाधित जिल्ह्यांत सामुदायिक औषधोपचाराची मोहीम निघाली आणि ज्या जिल्ह्यांत या गोळ्या घरोघरी वाटल्या गेल्या, त्यांत आपलाही जिल्हा होता. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास या रोगाचे जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. जंतू लसीकावाहिन्यांत घर करतात, वाहिन्या निकामी होतात आणि निचरा थांबलेल्या शेतात पाणी साचावे तसा पाय भरत जातो. गोळ्यांनी रक्तातील सूक्ष्म जंतू मरतात, प्रसार थांबतो. निकामी झालेली वाहिनी मात्र गोळीने पूर्ववत होत नाही. तेथे पाय रोज साबणाने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, जखम चिघळू न देणे, पाय उंच ठेवणे हाच उपाय. तो अगदी साधा दिसतो, पण वारंवार येणारा ताप आणि लाली त्यानेच कमी होते. सन २०२७ पर्यंत या रोगाचे देशातून उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे.

तथापि प्रत्येक सुजलेला पाय हत्तीपाय नसतो, आणि घोटाळा येथेच होतो. दिवसभर उभे राहणाऱ्या शिक्षकाच्या, कंडक्टरच्या पायातील नीलांच्या झडपा ढिल्या पडतात आणि संध्याकाळी घोट्याशी सूज येते. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्या विकारांत दोन्ही पाय सुजतात आणि बोट दाबले तर खळगा राहतो. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर नीलेत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे एक दिवसही दवडू नये. आणि याशिवाय एक विकार असा आहे की, ज्याचे नावही आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही: लिपिडीमा. हा जवळजवळ केवळ स्त्रियांनाच होतो. वयात येताना, बाळंतपणात किंवा पाळी जाताना तो डोके वर काढतो. कंबरेखाली दोन्ही बाजूंना सारखीच चरबी साठते, पण पाऊल मात्र सडपातळ राहते. जणू घोट्याशी कोणी दोरा बांधला आहे. पाय हात लावला तरी दुखतो, जरा धक्का लागला की काळानिळा होतो. उपाशी राहून चेहरा उतरतो, पाय उतरत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० मध्ये याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती अकराव्या आवृत्तीत, आणि ती आवृत्ती लागू झाली २०२२ मध्ये. इतका काळ जगभरच्या स्त्रियांना 'कमी खा' एवढाच सल्ला मिळत राहिला.

प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका बाईंना हा सल्ला अकरा वर्षे मिळाला. दुसऱ्या बाळंतपणानंतर पाय भरले. एका दवाखान्यात लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्यात रक्ताच्या तपासण्या झाल्या, तिसऱ्यात भात सोडायला सांगण्यात आले. घरच्यांनी तर त्यांच्या ताटाकडे पाहणेच सुरू केले. (या शिक्षेचा उल्लेख कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नसावा.) अखेर मोठ्या शहरातील एका तज्ज्ञाने पाऊल पाहिले, बोटाने नडगी दाबली, पायाच्या दुसऱ्या बोटावरील कातडी चिमटीत धरून पाहिली आणि दहा मिनिटांत विकाराचे नाव सांगितले. लसीकेचा अडथळा असता तर ती कातडी चिमटीत आली नसती. बाई घरी येऊन रडल्या, पण दुःखाने नव्हे. आपला दोष नव्हता, हे त्यांना अकरा वर्षांनी कळले होते.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला या दहा मिनिटांची किंमत काढावीशी वाटते. तज्ज्ञाची फी हा त्यातील लहानसा भाग. उमरग्याच्या किंवा भूमच्या बाईने सोलापूर गाठायचे म्हणजे दिवसाचा रोजगार बुडाला, सोबत येणाऱ्याचाही बुडाला. स्त्रियांना मार्च २०२३ पासून एसटीचे अर्धे तिकीट झाले हे खरे, पण सोबतच्या पुरुषाचे पूर्णच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, परंतु ज्या दारात पाय ओळखणारा माणूस नाही तेथे फुकट केसपेपरचा उपयोग काय? शिवाय हा आजार माणसाला अंथरुणाला खिळवीत नाही. बाई काम करीतच राहते, फक्त दुखऱ्या पायाने आणि कमी. म्हणून हे नुकसान कोणत्याही हिशेबात उतरत नाही.

हत्तीरोग्याची निदान कोठेतरी नोंद होते, कारण त्याच्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे. लिपिडीमा झालेली वा नीला बिघडलेली स्त्री कोणत्याच नोंदवहीत नाही. जी मोजलीच गेली नाही, तिच्यासाठी तरतूद कोण मागणार?

मागणी मोठी नाही. धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे महिन्यातून एक ठरलेला दिवस केवळ पायांच्या सुजेसाठी राखावा आणि तो दिवस प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लिहावा. बोटाचा दाब, कातडीची चिमट आणि पावलाकडे एक नजर एवढी परीक्षा आशा कार्यकर्तीला आणि परिचारिकेला शिकवता येते. कोणाला तज्ज्ञाकडे धाडायचे ते तेथेच ठरेल. लिपिडीमा औषधाने बरा होत नाही. दाब देणारे पायमोजे, चालणे-पोहणे, वजनाची वाढ रोखणे आणि निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया, एवढेच हाती आहे. पण ते मोजे मापाचे लागतात, काही महिन्यांनी सैल होतात, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात ते घालणे ही स्वतंत्र तपश्चर्याच आहे. मोज्यांचा हा वारंवार येणारा खर्च रुग्णालयाच्या भांडारातून झाला पाहिजे. जिल्हा नियोजन समितीसमोर पुढील वर्षाचा आराखडा जाईल तेव्हा त्यात या बाबीची एक ओळ असावी, आणि ती कोणी घातली नाही असे दिसल्यास जिल्ह्यातील शिक्षक-प्राध्यापकांनी तसे लेखी विचारावे.