रजिस्टर मात्र पूर्ण होतं!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये फेरी मारा. एका खोलीत ट्यूबलाईट जमिनीवर ठेवलेली, तिच्यावर काच, काचेवर टॉपरची शीट आणि त्यावर आपली कोरी शीट. याला जी.टी. मारणे म्हणतात, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना दिवाळीच्या आत कळतं. शेजारच्या खोलीत जर्नलचा कारखाना चालू. रीडिंग एकाचं, अक्षर वीस जणांचं. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटत नव्हतं. गेल्या सेमिस्टरला रेल्वे सिग्नलिंगवर सेमिनार द्यायचा होता, म्हणून थोडं वाचन केलं आणि स्कॉटलंडमधल्या एका जुन्या सिग्नल बॉक्सची हकिकत हाती लागली. तेव्हापासून जर्नल लिहिताना हात जरा अडखळतो.

सिग्नल बॉक्स म्हणजे आपली केबिन. स्टेशनच्या टोकाला काचेच्या खिडक्यांची ती उंच खोली आपण सगळ्यांनी गाडीतून पाहिलेली आहे. आत लिव्हरची रांग, खालून तारा आणि रॉड जाऊन सिग्नल आणि सांधे हलवणार. शेजारच्या केबिनशी बोलणं घंटीच्या ठोक्यांनी. आणि टेबलावर एक जाडजूड ट्रेन रजिस्टर. कुठली गाडी किती वाजता स्वीकारली, किती वाजता गेली, सगळं मिनिटासकट त्यात लिहायचं.

ग्रेटनाजवळची क्विन्टिन्सहिलची केबिन अशीच होती. कॅलेडोनियन रेल्वेच्या मुख्य मार्गावर, कार्लाईलच्या उत्तरेला. दोन मुख्य लाईन आणि दोन्ही बाजूंना एकेक लूप. तिथे दोन सिग्नलमननी आपापसात एक सोय करून ठेवली होती. रात्रपाळी संपायची सकाळी सहाला. पण ज्या दिवशी सकाळची लोकल क्विन्टिन्सहिलला बाजूला घ्यायची असे, त्या दिवशी दिवसपाळीवाला तिच्यातूनच यायचा. तेवढी पायपीट वाचायची, पण पोचायला साडेसहा वाजायचे. मग रजिस्टरचं काय? रात्रपाळीवाला सहानंतरच्या नोंदी एका कागदावर लिहून ठेवायचा आणि दिवसपाळीवाला आल्यावर त्या स्वतःच्या अक्षरात रजिस्टरमध्ये उतरवायचा. साहेबाने तपासलं तर पाळी बरोबर सहाला बदललेली दिसणार. थोडक्यात, प्रॉक्सी!

22 मे 1915. लंडनहून येणाऱ्या रात्रीच्या एक्स्प्रेस गाड्या लेट होत्या, म्हणून लोकलला बाजूला घ्यायचं होतं. तिच्या बाजूच्या लूपवर मालगाडी उभी. तेव्हा रात्रपाळीच्या जॉर्ज मीकिनने लोकल समोरच्या, म्हणजे दक्षिणेकडे जाणाऱ्या मुख्य लाईनवर नेऊन उभी केली. यात गैर काही नव्हतं, असं नेहमी व्हायचं. त्याच लोकलच्या इंजिनावरून जेम्स टिन्स्ली ड्यूटीवर आला. तो कागद घेऊन रजिस्टर उतरवायला बसला. केबिनमध्ये आणखी माणसं होती, युद्धाच्या बातम्या चालल्या होत्या. थोड्या वेळाने उत्तरेकडून सैनिकांची स्पेशल गाडी आली. टिन्स्लीने ती स्वीकारली आणि सिग्नल पाडले. ज्या गाडीतून तो स्वतः आला होता, ती केबिनच्या खिडकीसमोर त्याच लाईनवर उभी होती!

सैनिकांची गाडी लोकलवर आदळली. मिनिटभरातच दुसऱ्या बाजूने लंडनची एक्स्प्रेस त्या ढिगाऱ्यात घुसली. डबे लाकडी, दिवे गॅसचे. आग लागली आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत होती. सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. त्यातले बहुतेक रॉयल स्कॉट्सच्या सातव्या बटालियनचे जवान, लिव्हरपूलहून गॅलिपोलीच्या आघाडीवर निघालेले. त्यांच्या हजेरीची यादीसुद्धा आगीत जळाली, त्यामुळे मृतांचा नेमका आकडा लावणंही कठीण झालं. टिन्स्लीला तीन वर्षं आणि मीकिनला अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

आता यातली आपल्या कामाची गोष्ट. नियम कमी होते का? मुळीच नाही. लाईनवर गाडी उभी असेल तर सिग्नलच्या लिव्हरवर एक कडी, म्हणजे कॉलर, अडकवायची, म्हणजे चुकून लिव्हर ओढला जात नाही. ती अडकवली नव्हती. मागच्या केबिनला लाईन अडल्याची घंटी द्यायची. दिली नव्हती. गाडी थांबून राहिली तर फायरमनने केबिनमध्ये जाऊन आठवण द्यायची, कॉलर लावलीय का ते बघायचं आणि रजिस्टरवर सही करायची. फायरमन आला, सही केली आणि गेला. कॉलर बघितली नाही. सही झाली, तपासणी झालीच नाही.

कोणी म्हणेल, एका कागदाच्या नकलेमुळे अपघात झाला असं कसं म्हणता? तसं मी म्हणत नाही. रोज उशिरा येऊनही कित्येक दिवस काही झालं नव्हतं, आणि धोका नेमका तिथेच आहे असं माझं मत आहे. रजिस्टर ही लाईनवर काय आहे ते डोक्यात पक्कं राहण्यासाठीची वही. ती साहेबाला दाखवायची वही झाली की लिहिणाऱ्याचं लक्ष खिडकीबाहेर राहत नाही, कागदावर जातं.

दुसरा कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली, आता यंत्रं आहेत. बरोबर आहे. रुळावर गाडी उभी आहे हे आपोआप कळवणारं ट्रॅक सर्किट क्विन्टिन्सहिलला असतं तर तो सिग्नल पडलाच नसता. पण 2 जून 2023 ला ओडिशात बहानगा बाजारला इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग होतं. सिग्नल मेन लाईनचा हिरवा आणि सांधा लूपकडे! पावणेतीनशेहून जास्त माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटमध्ये केलेल्या बदलांतल्या चुका निघाल्या, आणि तारांवरची चुकीची लेबलं वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती हेही निघालं. लेबल म्हणजे तरी काय, तीही एक नोंदच. यंत्राला खोटी नोंद ओळखता येत नाही.

आता माझी कबुली. मी हॉस्टेल कमिटीवर असताना अग्निशामक सिलिंडर दर महिन्याला बघून त्याच्या कार्डावर तारीख टाकायचं काम आमच्याकडे होतं. तीन महिने कुणी फिरकलं नाही. तपासणीला पाहुणे येणार म्हणून आदल्या रात्री बसून आम्ही तिन्ही महिने भरले. एकाच पेनची शाई दिसू नये म्हणून दोन पेनं वापरली! क्विन्टिन्सहिलचं वाचल्यावर रात्री उठून सगळे मजले फिरलो. एका सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता. कार्डावर मात्र ‘ठीक’, माझ्याच अक्षरात. सकाळी रेक्टर सरांना सांगितलं. ओरडा खाल्ला, पण सिलिंडर भरून आला.

मित्रांनो, जर्नल उतरवल्याने कुणी मरत नाही हे मलाही कळतं. पण सवय इथेच लागते. चार वर्षं न घेतलेली रीडिंग लिहिणारा हात उद्या बॉयलरच्या लॉगबुकवर, पुलाच्या तपासणी अहवालावर चालणार आहे.

आणि सर-मॅडम, राग मानू नका, पण थोडा दोष तुमच्याकडेही येतो. एका सेटअपवर वीस मुलं असतील तर रीडिंग कुठून येणार? न वाचता केलेली सही ही त्या फायरमनची सही. ग्राफ वाकडा आला की ‘परत लिहून आण’ म्हटल्यावर मुलगा प्रयोग परत करत नाही, ग्राफ सरळ करून आणतो.

माझी सूचना साधी आहे. ज्याने रीडिंग घेतलं नाही त्याने ‘घेतलं नाही’ असं लिहावं, आणि तसं लिहिल्याबद्दल त्याचे मार्क कापू नयेत. त्याला दुसरा दिवस द्यावा. वाकडं रीडिंग वाकडंच राहू द्यावं आणि व्हायव्हाला ते का आलं तेवढं विचारावं. आमच्या मजल्यावरच्या कार्डावर गेल्या महिन्यासमोर आम्ही ‘तपासणी झाली नाही’ असं लिहिलंय. दिसायला वाईट दिसतं. पण ते वाचून या महिन्यात एकजण आपणहून जाऊन काटा बघून आला.