रिपॅकवाल्यांच्या भरवशावर किती दिवस?

गेमच्या नावापुढे ‘हायली कॉम्प्रेस्ड’ असं कधीच टाइप केलं नाही, असा गेमर जळगाव-धुळ्याच्या होस्टेलांत शोधून सापडायचा नाही. स्वतः डाउनलोड केला नसेल, तर ‘पेनड्राइव्ह घेऊन ये, भो’ म्हणणारा मित्र असतोच. ‘ही चोरी आहे’ एवढं म्हणून विषय संपवता येतो. पण मग दोन प्रश्न तसेच राहतात. ज्याला गेम परवडत नाही त्याने काय करायचं? आणि जो गेम पैसे देऊनही मिळत नाही, त्याचं काय?

आधी हिशेब बघा. रोज दीड जीबीच्या पॅकवर 60 जीबीचा गेम उतरवायला 40 दिवस लागतात. तोच दाबून 25 जीबीचा केला, तर 17 दिवस. त्यात नव्या मोठ्या गेमची किंमत तीन-चार हजार. रिपॅकवाल्यांनी नेमकी हीच अडचण हेरली. फिटगर्लसारखे रिपॅकर गेमचं कुलूप स्वतः तोडत नाहीत. दुसऱ्यांनी तोडलेला गेम ते दाबून लहान करतात आणि नको असलेल्या भाषांच्या फाइल्स वेगळ्या ठेवतात. इन्स्टॉल करताना तुमचा प्रोसेसर ते सगळं पुन्हा उलगडतो, म्हणून लॅपटॉप एवढा तापतो.

आता दुसरा प्रश्न. 2002 चा ‘जीटीए व्हाइस सिटी’ आठवा. त्यातल्या गाडीचा रेडिओ म्हणजे अर्धा गेम! पुढे गाण्यांच्या परवान्यांची अडचण आली आणि डिजिटल आवृत्तीतून काही गाणी गायब झाली. 2021 मध्ये नवी आवृत्ती आणताना कंपनीने जुना गेमच दुकानातून उतरवला. लोक ओरडले, तेव्हा तो पीसीवर परत आला. हे एकट्या व्हाइस सिटीचं नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या 2023 च्या अभ्यासानुसार, 2010 पूर्वी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. आणि गंमत बघा, 2010 मध्ये स्टीमवर अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या ‘मॅक्स पेन 2’च्या फाइलमध्ये एका क्रॅकर गटाची खूण सापडली होती!

म्हणजे रिपॅकवाले हेच खरे जतनकर्ते? नाही. थोडं थांबा.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद गोळा केले, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले. कागद कुठला, कोणाचा, कधीचा, याची नोंद असेल तरच तो पुरावा ठरतो. रिपॅकमध्ये काय काढलं, काय बदललं, हे तुम्हाला कोण सांगणार? कॅफेतल्या त्या जुन्या ‘रिप’ आवृत्त्यांत जागा वाचवायला रेडिओ आणि व्हिडिओच कापलेले असायचे. शिवाय टॉरेंट जगतो तो मागणीवर. हिट गेमला हजार सीडर. ज्याला कोणी विचारत नाही, त्याला एकही नाही. आणि जतनाची खरी गरज तर त्यालाच असते. नावाने बनावट साइट काढून मायनर आणि व्हायरस घुसवणारे आहेत, ते वेगळंच.

कायदाही माहीत असू द्या. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असताना तो प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर वापरणं, हा कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब खाली गुन्हा आहे: 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि दंड. व्यापारी फायदा नसेल, तर कोर्ट कैद माफ करू शकतं, एवढंच. आणि नुकसान नेहमी परदेशी कंपनीचंच होतं असं नाही. ‘राजी’ हा 2020 चा गेम पुण्याच्या छोट्या टीमने केला. असे गेम फुकट उतरवले, तर पुढचा गेम कोण बनवेल?

मग उपाय काय? आपल्याकडे 1954 पासून कायदा आहे: पुस्तक छापलं की प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यायची. सिनेमासाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरीही 1931 च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही. गेमसाठी तर असं दारच नाही. कॉपीराइट कायद्यानुसार ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या बिगर-डिजिटल साहित्याची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. मग आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या गेमच्या सीडींचं एक कपाट का नको? भारतीय स्टुडिओंनी गेम बंद करताना एक प्रत तिथे का ठेवू नये?

तुमच्यापुरतं सांगायचं, तर माळ्यावरच्या ओरिजिनल सीडी भंगारात देऊ नका. सेलमध्ये दोनशे रुपयांत मिळणारा गेम क्रॅक करून खेळू नका. आणि जो कुठेच मिळत नाही, त्याबद्दल कंपनीला, ग्रंथालयाला विचारत राहा. रिपॅकने दाखवून दिलं की मागणी आहे आणि प्रत जपताही येते. पण ती जपायची जबाबदारी कोणीतरी स्वतःच्या नावाने घ्यायला हवी. निनावी माणसाचा सर्व्हर उद्या बंद पडला, तर जाब विचारायला पत्ताही नसतो.